टाका पक्का होता, मारोती

मारोती, तुझ्यावर मी लिहिलेला हा दुसरा लेख. पहिला सगळ्यांना आवडला होता. म्हणूनच हा लिहावा लागतोय.

तू गेलास त्याच्या नवव्या दिवशी सुमनवैनी मला म्हणाल्या, "सर, तुमी शिकलेले माणूस. त्यायच्यावर चार शब्द लिहून द्या, फोटोखाली लावू." मी लिहून दिले. टाईप करून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून ते तुझ्या दुकानात फोटोखाली लावले. तेराव्याला आलेली माणसं ते वाचत उभी राहायची आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवायची. त्यात मी तुला 'मातीतला अवलिया' म्हटलं होतं. तू असतास तर त्या एका शब्दावरून आठवडाभर माझी टर उडवली असतीस. आणि शेवटाकडे, हिंगोलीच्या जीपमध्ये सुटलेल्या वायरीची गोष्ट होती. 'एका सैल टाक्याने सात दिवसांचे संगीत हिरावून नेले,' असं वाक्य मी लिहिलं होतं. ते लिहिताना माझा हात थांबला नाही, हे मला आज सगळ्यात जास्त लागतंय.

तुझ्याशी खोटं बोललो तेव्हा निदान तू समोर होतास, मला पकडू शकला असतास. आता तू नाहीस, तर तेच खोटं मी तुझ्या फोटोखाली टांगलं, आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली. कोडगेपणा म्हणतात तो हाच असावा.

तुला सगळं माहीत आहे, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला त्या जीपपर्यंत पोचता येणार नाही. ऐकून घे.

जवळा बाजारात तुझं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. आपल्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे ते व्हिडिओ गेमचे डबे आठवतात ना, कॅसेट फुंकून घालायचो ते. घरोघरचे टीव्ही सपाट होऊन भिंतीला चिकटले आणि ते डबे माळ्यावर गेले. मग दिवाळीला माळे आवरताना लोक ते तुझ्याकडे आणून टाकू लागले. "मारोती, बघ काही कामाचं असंल तर." कॅसेटवर लिहिलेलं असायचं नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम, आणि आत निघायचे सात. एक दिवस तुझ्याकडून एक कॅसेट खाचेत तिरकी बसली. चित्र फाटलं, पडदाभर रेघा आल्या, गेम जागच्या जागी अडकला. पण आवाज थांबला नाही. गेमची धून सोडून तो भलतंच काहीतरी वाजवू लागला. दुसऱ्या कुणीही बटण बंद केलं असतं. तू स्टूल ओढून ऐकत बसलास.

मी आलो तेव्हा तुझ्यासमोर एक उघडा मिक्सर तसाच पडला होता आणि बाई ताटकळत उभी होती. मी म्हणालो, "हे बिघडलंय." तू म्हणालास, "बिघडलंय म्हणून तर वाजून राहिलं, सर." मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो, तेही तात्पुरता. आपण एका बाकावर बसून नापास झालेले, म्हणून चिडवायला तू मला सर म्हणायचास. पुढे ती सवयच झाली. खरंच रागावलास तर मात्र 'दिल्या'.

दोन-तीन वर्षांत तुझ्याकडे असे अठरा डबे जमले. प्रत्येकाच्या पोटात आवाज तीन-चारच. दोन टोकदार, एक जाड, आणि एक नुसता फसफसणारा, फोडणी पडल्यासारखा. तू त्यांना जादा वायरी लावल्यास, रेडिओचे जुने स्पीकर जोडलेस, आतली कुठली तांब्याची पट्टी कुठल्या पट्टीला टेकवली की काय होतं ते वहीत लिहून ठेवलंस. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी लॅपटॉप घेऊन दुकानात. तू डबे वाजवायचास, मी रेकॉर्ड करायचो, आणि शेजारचा किराणावाला हाक मारून विचारायचा, "मारोती, आज काय जळालं रे?"

आपलं भांडण ठरलेलं होतं. मी भजनात पेटी वाजवणारा. मी म्हणायचो, आधी सगळे डबे एका सुरात आणू, मग वाजवू. तू विचारायचास, "काहून?" सुरात असणं म्हणजे संगीत, यापलीकडे मला उत्तर यायचं नाही. मग तू तुझ्या बापाची गोष्ट काढायचास. तुमच्या घरी मेंढरं-शेळ्या. तुझा बाप आठवडी बाजारात घंट्या घ्यायला जायचा तेव्हा एकेक कानाशी धरून वाजवायचा, आणि घरातल्या एखाद्या घंटीसारखी वाजली की परत ठेवून द्यायचा. दुकानदार वैतागायचा. पण कळपात दोन घंट्या सारख्या चालत नाहीत. झुडपाआड गेलेलं जनावर कोणतं, ते न पाहता कळलं पाहिजे. "समदे सूर जुळले तर कोण कुठं हाय ते कसं कळंल, सर?"

"कळप वेगळा, मैफल वेगळी," मी म्हणायचो.

"मैफल म्या पाहिली न्हाई. कळप पाहिला."

तू डबे तसेच लावायचास, बापाच्या हिशोबानं. एकही दुसऱ्यासारखा वाजू द्यायचा नाहीस. डोळे मिटून बसायचास आणि म्हणायचास, "सात नंबर मागं राहिला, त्याला आवाज द्या." हे भांडण आपण इतकी वर्षं केलं की आपल्या बायकांना ते पाठ झालं होतं. खरं सांगू, मला अजून तुझं पूर्ण पटलेलं नाही. पण तुझा तो मुद्दा खोडणारं वाक्यही मला सापडलेलं नाही, आणि आता ते कुणाला ऐकवू?

सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका डब्यात कॅसेट अशी काही बसली की त्यातून एक चालतं गाणं निघालं. गाणं हा शब्द माझा. खाली जाड आवाज हळूहळू सरकत होता, वर टोकदार दोघं मधूनच बोलायचे, आणि काही म्हणजे काही परत येत नव्हतं. दुपारी ऐकलं तर एक, संध्याकाळी वेगळंच. "पुढं पुढं जाऊन राहिलं बघा," तू म्हणालास. बटण बंद केलं की ते गेलं, हे आपल्याला पक्कं माहीत होतं. या डब्यांना आठवण नसते. तीच कॅसेट, तोच कोन, तरी तेच पुन्हा कधी वाजत नाही, हे आपण शेकडो वेळा करून पाहिलं होतं. म्हणून तू त्याला मोटारसायकलच्या बॅटरीवर घेतलंस, लाईट गेली तरी चालू राहावं म्हणून. वर पुठ्ठा लावलास, 'हात लावू नये'. सुमनवैनी झाडताना त्याच्या भोवतीनं झाडायच्या. मी तासभर रेकॉर्ड केलं, ते तू ऐकलंही नाहीस. म्हणालास, "ते झालेलं हाय. हे होऊन राहिलं."

त्याच आठवड्यात हिंगोलीला प्रदर्शन होतं. संगीताच्या कार्यक्रमात आपल्याला कुणी उभं करेना, म्हणून मी अर्ज 'टाकाऊतून टिकाऊ' या गटात भरला होता. तुला सांगितलं तेव्हा तू खोकला येईपर्यंत हसलास. मग गंभीर झालास. म्हणालास, "हेच नेऊ. चालू तसंच नेऊ. लोकायला चालू ऐकू द्या." आदल्या दिवशी तू बॅटरीच्या वायरीला सोल्डरचा नवा टाका दिलास. मी शेजारी बसलो होतो. दिवसभर हसतखेळत काम करणारा माणूस तेवढा एक टाका देताना बोलला नाही.

सकाळी काळीपिवळी जीपमध्ये जागा मिळाली. तू पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला, मांडीवर मोठा स्पीकर. मी मधल्या सीटवर, मांडीवर तुझ्या बापाच्या घोंगडीत गुंडाळलेला डबा आणि पायाशी बॅटरी. डब्याला एक छोटा स्पीकर लावून ठेवला होतास. मी म्हणालो, प्रवासात आवाज बंद ठेवू. तू म्हणालास, "आवाज बंद केला तर जितं हाय का न्हाई कसं कळंल?" इंजिनाच्या घरघरीत तुला पुढं काही ऐकू येत नव्हतं. तू दर पाच-दहा मिनिटांनी मागं वळून भुवया उडवायचास आणि मी मान हलवायचो, चालू आहे.

औंढ्याला आमचे मुख्याध्यापक चढले. नेमके माझ्यासमोर बसले. त्या महिन्यात माझं कायम होण्याचं घाटत होतं, आणि माझ्याबद्दल चांगलं-वाईट लिहायचं त्यांच्या हातात होतं. घोंगडीतून आवाज येतच होता. त्या क्षणी तो नेमका फसफसत होता, मध्येच कुंई करत होता. बाया हसू दाबत होत्या. एक म्हातारा म्हणाला, "कुत्र्याचं पिल्लू हाय काय मास्तर?" सगळी जीप हसली. मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय हो सर, लेकराचं खेळणं घेऊन कुठं?" त्यांच्या विचारण्यात वाईट काही नव्हतं. दुसरा एखादा दोन वाक्यांत सांगून मोकळा झाला असता.

मी घोंगडीत हात घातला आणि बटण दाबलं.

"माझं न्हाई, सर," मी म्हणालो. "ते पुढं बसलेत त्यांचं हाय. दुरुस्तीला नेऊन राहिलेत."

आणि तेवढ्यात तू मागं वळलास. भुवया उडवल्यास. मी मान हलवली.

मुख्याध्यापक हिंगोलीच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले. मग माझं डोकं चालायला लागलं, आणि ते फारच चांगलं चाललं. बटण बंद दिसलं तर तुला कळणार. चालू केलं तर भलतंच काही वाजणार, तरी कळणार. म्हणून मी घोंगडीतल्या घोंगडीत बॅटरीकडची वायर बोटांना गुंडाळली आणि टाक्यातून ओढली. सुटली नाही. तू दिलेला टाका होता तो. दुसऱ्यांदा जोर लावून ओढली तेव्हा सुटली. मग बटण पुन्हा चालूवर केलं आणि हात बाहेर काढला. हे सगळं मी एवढ्या सफाईनं केलं की शेजारच्या माणसालाही काही कळलं नाही.

स्टँडवर तू घोंगडी उघडलीस. मी म्हणालो, "मघाशी गचका बसला, तेव्हाच आवाज बंद झाला वाटतं. मला जीपच्या आवाजात कळलं न्हाई." तू वायरीचं टोक बोटात धरून पाहत राहिलास. स्टँडवर माणसं आपल्याला धक्के देत जात होती. मला वाटलं, आता हा मान वर करेल आणि म्हणेल, दिल्या, खरं सांग. तू म्हणालास, "माझाच टाका कच्चा राहिला." आणि वर मलाच समजावलंस, "जाऊ द्या सर, तुमी काय करणार."

प्रदर्शनात आपल्या टेबलावर एक मुका डबा होता. येणारे विचारायचे, गेम लावा की. तू तिथलाच एक टीव्ही मागून आणलास, कॅसेट सरळ घातलीस आणि दिवसभर लोकांना रणगाड्याचा गेम खेळू दिलास. कुणाला जमला नाही तर शिकवत होतास. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर दोघांची नावं होती. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसून झोपेचं सोंग घेतलंस. मी झोपलो.

दोन वर्षांनी मी कायम झालो. मुख्याध्यापकांना तो डबा आठवतही नव्हता. पेढे घेऊन तुझ्याकडे आलो तर तू माझ्या दारासाठी बेल करून ठेवली होतीस, त्याच डब्यांच्या चिपमधून काढलेली. प्रत्येक वेळी वेगळी वाजते. आमच्या हिनं सुरुवातीला कपाळाला हात लावला. आता पाहुणे येतात तेव्हा तीच मुद्दाम दोनदा वाजवून दाखवते. माझ्या पेटीचा तुटलेला सूरही तूच बसवून दिलास, सुरात आणायच्या माझ्या वेडावर हसत हसत. तू माझ्यासाठी काही करायचास तेव्हा मला दर वेळी ती वायर आठवायची. मी स्वतःला सांगायचो, आता इतकी वर्षं झाली, आता सांगून त्याला कशाला तकलीफ द्यायची. तकलीफ कुणाला झाली असती ते मला चांगलं ठाऊक होतं.

कारण मी रोज पाहत होतो. त्या दिवसानंतर तू डबे वाजवायचास ते फक्त दुकानात. कुणाच्या तरी मोबाईलवरून तुझं वाजवणं पुण्या-मुंबईपर्यंत गेलं, तिथल्या पोरांचे फोन आले, या, आमच्याकडे वाजवा, आम्ही तुमच्यासारखेच वेडे आहोत. तू दर वेळी म्हणालास, "माझ्या हातचं बाहेर टिकत न्हाई." फोन ठेवून माझ्याकडे बघायचास, मी दुजोरा द्यावा म्हणून. आणि मी गप्प बसायचो. मारोती, एकदा तर मी म्हणालो, "तसं असतं एकेकाचं."

मागच्या महिन्यात तू दुपारी छातीत दुखतंय म्हणालास, आणि हिंगोलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वाटेवर औंढा लागलं. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. सांगायचं असतं तर तेव्हाही सांगता आलं असतं, तू ऐकत होतास असं मला वाटतं. मी म्हणालो, "काही होत न्हाई, आलंच हिंगोली."

काल मी दुकानात गेलो. सकाळी, गिऱ्हाईक नसताना. सुमनवैनी तुझी हत्यारं पुसून डब्यात भरत होत्या. मी फोटोखालचा तो कागद काढला आणि फाडला. त्या बघत राहिल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. मुख्याध्यापक, बटण, मान हलवणं, वायर, दोनदा ओढावी लागली तेही. मला वाटलं होतं त्या रडतील, नाही तर मला हाकलून देतील. हाकललं असतं तर फार बरं वाटलं असतं.

त्या हत्यारं पुसतच होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "सहा वर्षं एकेक टाका मला दाखवून घेतला त्यायनी. सुमन, बघ बरं, हा पक्का दिसतो का. मला त्यातलं काय कळतंय? मी आपली व्हय म्हणायची. तरी दुसऱ्यांदा इचारायचे."

माझ्या पायाशी कागदाचे तुकडे पडले होते, ते वेचू लागलो.

"तुमी तवाच सांगायचं होतं, सर," त्या म्हणाल्या. "दोन दिवस बोलले नसते तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी कॅसेट तिरकी घालून पुन्हा बसले असते."

त्या बरोबर बोलत होत्या. आपण पहिलीपासूनचे, तुझे सगळे रुसवे माझ्यावरच निघालेले. त्यातला एकही कधी दोन दिवसांच्या पुढे गेला नव्हता, मारोती, आणि हे मला त्या जीपमध्येही माहीत होतं.